गार्ड काढलेला दिसला, तर युनियनच्या सुरक्षा प्रतिनिधीने सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका कारखान्यात युनियनने एका कमिटी मेंबरला पहिल्यांदाच सुरक्षा प्रतिनिधी नेमले. पहिल्या फेरीतच त्यांना प्रेस शॉपमध्ये तीन प्रेसचे (पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रांचे) गार्ड (हात आत जाऊ न देणारी कव्हरे) काढून भिंतीला टेकवलेले दिसले आणि एका सीएनसी (संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या) मशीनच्या दाराचा इंटरलॉक (दार उघडे असताना मशीन चालू न देणारा स्विच) बायपास केलेला, म्हणजे चुकवलेला, सापडला. सुपरवायझर म्हणाला, "गार्ड तुमचेच लोक काढतात, आधी त्यांना सांगा." सभासद म्हणाले, "गार्ड लावून टार्गेट होत नाही. तुम्ही आमच्या बाजूचे की मॅनेजमेंटच्या?" आणि सुरक्षा समितीच्या बैठकीत "सर्व यंत्रे सुरक्षित असल्याची खात्री केली" या ओळीखाली त्यांची सही मागितली जात आहे. आता काय करावे, असे ते विचारतात.

मी बरीच वर्षे मेंटेनन्समध्ये होतो, मग युनियनचा सुरक्षा प्रतिनिधी झालो आणि आता नव्या प्रतिनिधींचे वर्ग घेतो. त्या अनुभवावरून सांगतो.

आधी सहीचे बघू, कारण ती तातडीची आहे. त्या ओळीखाली सही करू नका. यंत्र सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मालकाची असते. यंत्र विकत घ्यायचे की नाही, दुरुस्तीला पैसे द्यायचे की नाही, उत्पादन थांबवायचे की नाही, हे तो ठरवतो. यातला एकही अधिकार तुमच्या हातात नाही, मग खात्रीपत्र तुम्ही कसे देणार? ब्रिटनमध्ये युनियनच्या सुरक्षा प्रतिनिधींसाठी १९७७ साली जे नियम झाले, त्यांत हे स्पष्ट लिहिले आहे: प्रतिनिधीला काही कामे दिली म्हणून त्याच्यावर कायदेशीर कर्तव्य लादले, असा अर्थ काढायचा नाही. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा, तेव्हा तुमच्याकडचा कायदा आणि तुमचा करार नीट वाचा. पण कामाची ही विभागणी समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. बैठकीत भांडण करायची गरज नाही. ती ओळ खोडून "अमुक तारखेला अमुक यंत्रे पाहिली, निरीक्षणे सोबत जोडली आहेत" असे लिहायला सांगा आणि त्यावर खुशाल सही करा. ते खरे आहे आणि तुम्ही केलेले आहे.

आता मूळ मुद्दा. काढलेला गार्ड दिसला की "कोणी काढला?" हा प्रश्न सगळ्यांच्या तोंडी आधी येतो. तुम्ही तो विचारू नका. तुम्ही विचारा: "गार्ड लावलेला असताना या मशीनवर कोणते काम करता येत नाही?" हा प्रश्न ऑपरेटरला, त्याच्या मशीनजवळ, सुपरवायझर आसपास नसताना विचारायचा आणि उत्तर त्याच्याच शब्दांत टिपून घ्यायचे. तुमची निम्मी ताकद या प्रश्नात आहे. व्यवस्थापनाकडे इंजिनिअर असतात, सल्लागार असतात, ऑडिट असते. पण रात्रपाळीत जॉब (यंत्रावर घडवायचा तुकडा) अडकल्यावर तो कसा काढला जातो हे फक्त काढणाऱ्याला माहीत असते, आणि तो ते मेमोच्या भीतीपोटी सुपरवायझरला सांगत नाही. तुम्हाला सांगेल, जर त्याचे नाव कागदावर येणार नाही याची त्याला खात्री असेल तर.

गार्ड गैरहजर असणे ही एखाद्या बेफिकीर माणसाची खोड असती तर ती जगभर इतकी सारखी दिसली नसती. जर्मनीतल्या औद्योगिक अपघात विमा संस्थांच्या संघाने २००६ साली याच विषयावर मोठा अहवाल काढला. मेटलवर्किंगच्या यंत्रांवरची सुमारे ३७ टक्के सुरक्षा साधने कायमची किंवा अधूनमधून निकामी केली जातात, असा त्यात अंदाज होता. शिस्तीसाठी नावाजलेल्या उद्योगातली ही स्थिती. त्यामुळेच इंटरलॉकविषयीच्या आयएसओ १४११९ या आंतरराष्ट्रीय मानकात, इंटरलॉक चुकवण्याचा मोह माणसाला का होतो याचा विचार यंत्र बनवणाऱ्याने डिझाइन करतानाच करावा, असे सांगितले आहे आणि तो मोह तपासण्यासाठी एक तक्ताही दिला आहे. प्रत्येक कामासाठी विचारायचे: सुरक्षा साधन चालू असताना हे काम होते का? बंद केल्यावर सोपे होते का, लवकर होते का, नीट दिसते का? हाच तक्ता तुम्ही साध्या मराठीत वहीत आखून घ्या.

उत्तरे काय येतात ते साधारण ठरलेले असते. पॉलिकार्बोनेटच्या (पारदर्शक प्लास्टिकच्या) खिडकीवर कूलंटने आणि चिप्सने (धातूच्या कातरांनी) इतके ओरखडे पडलेत की आतला जॉब दिसत नाही. गार्डला सहा बोल्ट आहेत आणि स्क्रॅप दर अर्ध्या तासाला काढावे लागते. दार थोडे खाली बसल्याने स्विच नीट जुळत नाही आणि मशीन मधूनच ट्रिप होते. सेटिंग करताना दार उघडे ठेवून हळू फिरवून बघावेच लागते, पण मशीनला तसा मोडच नाही. ही प्रत्येक अडचण वेगळी आणि तिचा उपायही वेगळा. पहिल्याला नवी खिडकी, दुसऱ्याला बिजागरीचा इंटरलॉक असलेला गार्ड किंवा स्क्रॅप बाहेर पडायला चुट (घसरणी), तिसऱ्याला दाराची दुरुस्ती, चौथ्याला चावीने निवडता येणारा सेटिंग मोड, ज्यात यंत्र कमी वेगाने आणि बटण दाबून धरले असेपर्यंतच चालते. "कामगारांना प्रशिक्षण द्या" हा उपाय यांतल्या एकाही अडचणीला लागू पडत नाही, आणि बैठकीत नेमका तोच सर्वांत आधी सुचवला जातो.

सीएनसीच्या दाराचा बायपास बघताना एक गोष्ट खास तपासा. जिभेच्या आकाराची चावी आत गेली की चालू होणारा स्विच असेल, तर बहुतेक वेळा स्टोअरमधली सुटी चावी आणून ती त्यात कायमची खुपसलेली असते. ती चावी मेंटेनन्सच्या डब्यातून आली का, स्पेअर म्हणून मागवली होती का, हे स्टोअरच्या नोंदीत दिसते. ऑपरेटरने एकट्याने केलेले हे काम सहसा नसते. मेंटेनन्सला ठाऊक असते, सुपरवायझरला ठाऊक असते, ब्रेकडाऊन टाळण्यासाठी सगळ्यांनी मिळून केलेली ती सोय असते. सुटी चावी चालणार नाही असे कोडेड स्विच मिळतात, ते मागा. पण दार का उघडे ठेवावे लागते याचे उत्तर न शोधता फक्त स्विच बदलला, तर लोक पुढच्या आठवड्यात दुसरा मार्ग शोधतील.

टार्गेटचा विषय जरा सविस्तर घ्यावा लागेल, कारण इथे युनियनने स्वतःच्या घरातही बघायला हवे. समजा गार्ड उघडून बंद करायला एका जॉबमागे ४ सेकंद लागतात आणि पाळीत ९०० जॉब निघतात. हे झाले ३६०० सेकंद, म्हणजे पाळीतला पूर्ण एक तास. आता तपासा, टार्गेट ठरवताना वेळेचा अभ्यास झाला तो गार्ड लावून झाला की काढून? गार्ड काढून झाला असेल, तर तो आकडा मान्य करताना गार्ड काढणेही मान्य केले गेले आहे, आणि इन्सेंटिव्हच्या करारावर युनियनची सही असेल तर ती आपलीही आहे. हे सभासदांना सांगणे अवघड असते. पण "तुम्ही आमच्या बाजूचे की त्यांच्या?" या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर इथूनच निघते: गार्ड लावा असे सांगायला मी आलेलो नाही, गार्ड लावून जेवढे उत्पादन होते तेवढ्यावर पूर्ण पैसे मिळावेत हे मागायला आलो आहे. वेळेचा अभ्यास सर्व सुरक्षा साधने चालू ठेवून पुन्हा करावा, ही मागणी सुरक्षा समितीत आणि वेतन वाटाघाटीत, दोन्हीकडे ठेवा. एकाच ठिकाणी ठेवलीत तर ती दुसरीकडे ढकलली जाते.

प्रेसबद्दल थोडे तांत्रिक बोलतो, कारण इथे चुकीचा उपाय मान्य केला तर बोटे जातात. तुम्ही तक्रार केलीत की बऱ्याच ठिकाणी उत्तर येते, "लाइट कर्टन बसवतो." म्हणजे किरणांचा पडदा, ज्यात हात आला की यंत्राला थांबण्याचा संकेत जातो. ऐकायला छान वाटते. आधी विचारा, प्रेसला क्लच (फिरत्या चाकाची ताकद रॅमला, म्हणजे वरून खाली येणाऱ्या जड भागाला, जोडणारी यंत्रणा) कोणता आहे? जुन्या यांत्रिक प्रेसना चावीचा क्लच असतो; इथे चावी म्हणजे चाक आणि शाफ्ट एकमेकांत अडकवणारा धातूचा तुकडा. एकदा पेडल दाबले, चावी बसली, की रॅम पूर्ण फेरी करूनच थांबतो. मध्ये थांबवता येत नाही. अशा प्रेसवर लाइट कर्टनने हात ओळखला तरी रॅम खाली येणारच. तिथे फिक्स्ड गार्ड किंवा हात आत असेपर्यंत फेरी सुरूच होऊ न देणारा आणि फेरी पूर्ण होईपर्यंत न उघडणारा इंटरलॉक गार्डच हवा. लाइट कर्टन फ्रिक्शन क्लच आणि चांगला ब्रेक असलेल्या, म्हणजे मधल्या कुठल्याही जागी थांबू शकणाऱ्या प्रेसलाच चालतो.

तिथेही कर्टन आणि धोक्याची जागा यांतले अंतर महत्त्वाचे. आयएसओ १३८५५ या मानकात हिशेब दिला आहे: हाताचा वेग सेकंदाला २००० मिलिमीटर धरायचा आणि त्याला थांबायला लागणाऱ्या एकूण वेळेने गुणायचे. एकूण वेळ ०.२ सेकंद असेल तर ४०० मिलिमीटर. कर्टनच्या किरणांमधली फट मोठी असेल तर त्यात भर पडते. ५०० मिलिमीटरच्या पुढे गेल्यावर हाताचा वेग १६०० धरता येतो. तुम्हाला सूत्र पाठ करायचे नाही. एवढेच लक्षात ठेवा की ब्रेक झिजला आणि थांबायला ०.२५ सेकंद लागू लागले, तर तेच अंतर ५०० मिलिमीटर हवे, आणि कर्टन मात्र ४०० वरच बोल्टने बसवलेला असतो. म्हणून बैठकीत विचारा: थांबण्याचा वेळ शेवटचा कधी मोजला? किती आला? कागद दाखवा. उत्तर देताना समोरचे एकमेकांकडे बघू लागले, तर मोजलेला नाही असे समजा आणि मोजण्याची तारीख तिथेच मिनिट्समध्ये (बैठकीच्या इतिवृत्तात) लिहून घ्या.

दोन हातांचे बटण ऑपरेटरचे हात वाचवते, शेजारी उभ्या हेल्परचे नाही. दोघे मिळून पत्रा धरत असतील तर दोघांनाही बटणे हवीत. आणि लाल इमर्जन्सी बटण म्हणजे संरक्षण, ही समजूत सोडवून घ्या. यंत्र सुरक्षेच्या आयएसओ १२१०० या मूळ मानकात क्रम स्पष्ट आहे: आधी धोका डिझाइनमधूनच काढा, मग गार्ड आणि सुरक्षा साधने, आणि शेवटी सूचना. इमर्जन्सी स्टॉप हे फक्त पूरक साधन. ज्याचा हात अडकलाय त्याला ते दाबता येतेच असे नाही.

दुरुस्ती आणि सफाई ही वेगळीच दुनिया आहे आणि प्रतिनिधी तिथे फार कमी फिरकतात, कारण ती रविवारी आणि रात्री चालते. तुमची फेरी मुद्दाम त्या वेळेला ठेवा. डाय (जॉबला आकार देणारा साचा) बदलताना, जाम काढताना, कन्व्हेअर साफ करताना बघा. वीज बंद केली म्हणजे यंत्र मेले असे नसते. न्यूमॅटिक (हवेच्या) लाइनमध्ये दाब असतो, हायड्रॉलिक अॅक्युम्युलेटरमध्ये (दाबाखाली तेल साठवणाऱ्या टाकीत) असतो, वर थांबलेला रॅम स्वतःच्या वजनाने खाली येऊ शकतो, फ्लायव्हील (जड फिरते चाक) मोटर बंद केल्यावरही फिरत राहते. लॉकआउट म्हणजे मेन स्विचवर कुलूप, उरलेली प्रत्येक ऊर्जा सोडून देणे किंवा अडवणे, रॅमखाली ठोकळा लावणे आणि शेवटी यंत्र सुरू करून बघणे की ते खरोखर सुरू होत नाही. जितकी माणसे आत, तितकी कुलुपे; ज्याचे कुलूप त्याच्याच खिशात चावी. तुम्ही एवढेच मोजा: मेंटेनन्समध्ये माणसे किती आणि वैयक्तिक कुलुपे किती? हा फरक बैठकीत कोणालाही नाकारता येत नाही. कंत्राटदाराची माणसेही यात मोजा. सफाईला आणि जड कामाला बहुतेक तीच असतात. ती तुमची सभासद नसली, तरी तुमच्या निरीक्षणातून त्यांना वगळू नका. तुमच्या सभासदाने मशीन सुरू केले आणि आत कंत्राटी हेल्पर असला, तर त्या अपघाताचे ओझे दोन घरांवर पडते.

आता लिहिण्याबद्दल. तोंडी सांगितलेले "बघतो" या एका शब्दात विरते. सुपरवायझरला तिथल्या तिथे सांगायचेच, पण त्याच दिवशी लेखीही द्यायचे. भाषा कोरडी ठेवा. मी नव्या प्रतिनिधींना साधारण असा मसुदा देतो:

"आज सकाळच्या पाळीत प्रेस क्र. ४ चा पुढचा गार्ड जागेवर नव्हता. प्रेस उत्पादनात चालू होता. जॉब ठेवताना हात डायच्या आत जातो. प्रेसला चावीचा क्लच असल्याने फेरी सुरू झाल्यावर थांबवता येत नाही. गार्डच्या खालच्या फटीतून सध्याचा जॉब जात नाही, असे कामावरील लोकांचे म्हणणे आहे. गार्ड या जॉबसाठी बदलून मिळेपर्यंत हा जॉब या प्रेसवर घेऊ नये. गार्ड कधीपर्यंत होईल आणि कोण करणार, हे लेखी कळवावे."

यात कोणावर आरोप नाही आणि कामगाराचे नाव नाही. काय दिसले, काय होऊ शकते, का होते, तोवर काय करावे आणि उत्तर कोणी द्यावे, एवढेच आहे. पोच घ्या. पोच द्यायला नकार दिला तर ईमेलने पाठवा आणि युनियन कार्यालयाला प्रत ठेवा. तुमच्या कायद्यात किंवा करारात फेऱ्यांचे वेळापत्रक असेल तर ते काटेकोर पाळा; ब्रिटनच्या नियमांत प्रतिनिधीला दर तीन महिन्यांनी औपचारिक पाहणीचा अधिकार आहे. त्याखेरीज प्रथमोपचाराची वही आणि ब्रेकडाऊनची नोंदवही दर महिन्याला मागून वाचा. एकाच मशीनवर बोटाला वारंवार चिरा पडत असतील किंवा एकच लिमिट स्विच वारंवार बदलला जात असेल, तर मोठ्या अपघाताची जागा तुम्हाला आधीच सापडलेली असते.

काम थांबवण्याचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो येणारच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९८१ चा १५५ क्रमांकाचा करार सांगतो की जिवाला किंवा आरोग्याला तातडीचा आणि गंभीर धोका आहे असे मानायला रास्त कारण असताना कामगार बाजूला झाला, तर त्याला त्याची शिक्षा होऊ नये. त्याने लगेच वरिष्ठाला कळवावे. आणि धोका कायम असेपर्यंत मालकाने त्याला परत तिथे जायला भाग पाडू नये. २०२२ पासून सुरक्षित आणि निरोगी कामाची जागा हे त्या संघटनेचे मूलभूत तत्त्व मानले जाते. त्याआधी १९६३ च्या यंत्रांच्या गार्डविषयीच्या ११९ क्रमांकाच्या करारात तर थेट म्हटले आहे की गार्ड जागेवर नसताना यंत्र वापरायला कोणत्याही कामगाराला सांगता येणार नाही. आणि त्याच कलमात कामगारानेही गार्ड निकामी करू नये असे आहे. दोन्ही वाक्ये सभासदांना वाचून दाखवा. स्वीडनमध्ये कामगारांच्या सुरक्षा प्रतिनिधीला, मालकाने ऐकले नाही तर, सरकारी निरीक्षक निर्णय देईपर्यंत धोक्याचे काम स्वतः थांबवता येते. तुमच्याकडे कायदा किती पाठीशी उभा राहतो हे युनियनच्या वकिलाकडून आजच समजून घ्या. प्रसंग आल्यावर विचारायला वेळ नसतो, आणि एकट्या कामगाराने मनानेच नकार दिला तर त्याच्यावर कंपनीची शिस्तभंगाची चार्जशीट येऊ शकते. नकार कोणत्या शब्दांत द्यायचा, कोणाला फोन करायचा आणि जागा न सोडता तिथेच दुसरे काम कसे मागायचे, हे आधी ठरवून सभासदांना शिकवा.

अपघात झालाच, तर जखमी माणसाला हलवल्यावर लगेच यंत्राजवळ थांबा. गार्ड कुठे होता, स्विच कोणत्या स्थितीत होता, मोड कोणता निवडला होता, याचे फोटो आणि नोंदी लगोलग करा. कंट्रोलरमधली नोंद पुसली जाऊ नये असे लेखी मागा. रात्रीतून गार्ड परत जागेवर बसलेला असतो, हे मी पाहिले आहे. आणि चौकशीचा अहवाल "कामगाराचा निष्काळजीपणा" या शब्दांवर थांबत असेल, तर तुमची आधीची पत्रे त्याला जोडायचा आग्रह धरा.

तुमच्या तीन प्रेसचे आणि सीएनसीचे मी असे करेन. चावीच्या क्लचचे प्रेस कोणते आहेत हे उद्याच पाहून त्यांचे पत्र सर्वांत आधी आणि एकेकाचे वेगळे देईन. चारही ठिकाणच्या ऑपरेटरांशी, तिन्ही पाळ्यांत, गार्ड लावून काय होत नाही यावर बोलेन. ती उत्तरे घेऊन मेंटेनन्सच्या माणसाला बैठकीला बोलवायची मागणी करेन, कारण गार्ड कसा बदलायचा हे त्याला आणि ऑपरेटरला मिळून अर्ध्या तासात सुचते. नव्या गार्डची पहिली चाचणी ऑपरेटरच्या हातून, चालू जॉबवर घ्यायला लावेन आणि त्याने "जमतं" म्हटल्यावरच तो विषय मिनिट्समधून काढू देईन.